हवेची चव

इब्राहिमचाचा रोज सकाळी कॉलेजच्या गच्चीवर उभे राहून जीभ बाहेर काढायचे. लपूनछपून नाही. सरळ पश्चिमेकडे तोंड करून, डोळे मिटून, हात पाठीमागं बांधून. अर्धा मिनिट तसंच. मग तोंड मिटायचं, जीभ टाळूला लावून थोडा वेळ गप्प राहायचं, आणि खाली येऊन प्रयोगशाळेच्या दारातल्या फळ्यावर तारखेखाली खडूनं एक शब्द लिहायचा. ‘मातकट’. ‘कडवट’. ‘धुरकट’. कधीमधी ‘कोरी’. मी रुजू झाले त्या दिवशी फळ्यावर ‘आंबट’ असं लिहिलेलं होतं आणि मला वाटलं, कॅन्टीनच्या दह्याबद्दल काही सूचना असावी.

“हे काय, चाचा?”

“आजची हवा हाय, मॅडम.”

“हवेला चव असते?”

“हवेला न्हाय. हवेत जे बसून येतंय त्याला असतीय.”

मी तुळजापूरची. आमच्या घरात देवीची पूजाअर्चा पिढ्यानपिढ्या चालत आलेली. त्या घरातली मी रसायनशास्त्र शिकले आणि नळदुर्गच्या कॉलेजात लागले. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परतायचं. नोकरी नवी होती, अजून कायम झालेली नव्हती. चाचा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली, अंगानं काटक, सदरा कायम पांढरा आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पोरं त्यांना ‘हवाचाचा’ म्हणायची. त्यात थोडी चेष्टा असायची, पण गच्चीवरच्या यंत्राजवळ चाचांना न विचारता जायची कुणाची छाती नव्हती.

ते यंत्र एका प्रकल्पातून कॉलेजला मिळालेलं होतं. कबुतरांच्या खुराड्याएवढं, वर पत्र्याचं उतरतं छप्पर. दिवसभर घूं घूं करत हवा ओढायचं. आत काचतंतूंचा पांढरा कागद लावायचा, त्यावर हवेतली धूळ अडकायची. शेजारच्या काचेच्या नळ्यांत द्रावण भरायचं, त्यात वायू विरघळायचे. ठरल्या तासांनी कागद काढायचा, तोलायचा, आकडा लिहायचा. सोलापूर-हैदराबाद हायवेला चिकटून गाव. ट्रक अखंड चालू, ढाब्यांच्या भट्ट्या चालू, माळावर खडीचे क्रशर चालू. कागद पांढरा निघालेला मी कधी पाहिला नाही. कागद काढताना चाचा बोलत नसत. चिमट्यानं कोपरा धरून, श्वास रोखून, तान्ह्या बाळाला झोळीतून उचलावं तसा तो उचलत.

“श्वास कशाला रोखता?” मी एकदा विचारलं.

“माझा दम त्याच्यावर पडाया नको. वजनात खोट येईल.”

चाचांचे वडील कल्हईवाले. भाता, कोळसा, कथलाची कांडी आणि नवसागराची पुडी घेऊन ते अणदूर, जळकोटच्या बाजूनं गावोगाव फिरायचे. चाचांनी विशीपर्यंत त्यांच्याबरोबर भाता मारला. स्टीलची भांडी आली, कल्हई गेली, आणि चाचा कॉलेजात चिकटले. पण तापल्या तांब्यावर नवसागर टाकला की उठणारा पांढरा धूर ते विसरले नाहीत. “बा त्या धुरात तोंड घालून बगायचा, भांडं साफ झालं का म्हणून,” ते सांगायचे. “बगता बगता बाच्या छातीचाच भाता झाला. फुस्स फुस्स आवाज यायचा. पन्नाशी बी गाठली न्हाय.” हे ते रडव्या आवाजात सांगत नसत. प्रयोगाची कृती सांगावी तसं सांगत.

अकरावीच्या वर्गाला अमोनिया शिकवायची वेळ आली, की एक प्रयोग चाचा स्वतः करून दाखवायचे. तसा तो शिक्षकानं करायचा. पण माझ्या आधीच्या सरांनी तो हक्क चाचांना देऊन टाकला होता आणि मीही तो परत मागितला नाही. टेबलावर दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत अमोनिया, एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्हींची बुचं काढायची. दोन्हींवर हवा स्वच्छ, काही दिसत नाही. मग चाचा बाटल्या हळूहळू एकमेकींजवळ सरकवायचे. तोंडं जवळ आली की मधल्या हवेत, कुठून आला न कळता, दाट पांढरा धूर वळायला लागायचा. पोरं ओरडायची. चाचा हात वर करून त्यांना गप्प करायचे.

“बगा. ह्याच्यात बी काय दिसत नव्हतं, त्याच्यात बी न्हाय. दोघं बी आपापल्या जागी शरीफ. भेटले का हे झालं. हा नवसागर हाय, पोराहो. माझा बा ह्याच्यातच गेला. दिसतंय त्याला भिऊ नका. जे दिसंना, ते कुणाला भेटायला चाललंय तेवढं बगत जावा.”

ते ऐकताना मला दरवर्षी अस्वस्थ वाटायचं. पुस्तकातल्या समीकरणात असलं काही नव्हतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. काढून, तोलून, डबीत बंद केलेला एक कागद मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलला आणि वजन हललेलं निघालं. मी तराजूला दोष दिला. चाचांनी तराजू माझ्यासमोर वजनं लावून तपासला. तो बरोबर होता.

“कागद बंद डबीत होता, चाचा. मग बदलला कसा?”

“तराजू बी खरा, तुमी बी खऱ्या. धूळ अजून कामावर हाय.”

मी घरी येऊन जुनी पुस्तकं काढून बसले आणि मला कळलं की ते शब्दशः बरोबर बोलले होते. हवेतला धुळीचा कण नुसती मातीची कणी नसते. त्याच्या अंगावर दमट पापुद्रा असतो, त्यात वायू उतरतात, आणि तिथं एकमेकांशी झटून तिसरंच काहीतरी होतात. आमच्याकडचा दगड काळा, लोहानं भरलेला. त्या दगडाची धूळ आणि गंधकाचा वायू धुक्याच्या ओलाव्यात भेटले की त्या लोहाच्या मदतीनं वायूचं आम्ल होतं. कण दिसायला तोच, आतून वेगळा. मी हे चाचांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“म्हंजे धूळ टांगा, गॅस सवारी. गॅस एकटा असला तर नाकात, घशात उतरतो. तिथंच भांडण करतो, खोकला येतो, मानूस पळतो. टांग्यात बसला तर पार आतल्या खोलीपर्यंत जातो, आन दार बी वाजवत न्हाय.”

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फळ्यावरचे शब्द बदलायला लागले. ‘आंबट’ आठवड्यातून तीनदा येऊ लागला. एक दिवस ‘आंबट, लोखंडी’. एक दिवस नुसतं प्रश्नचिन्ह. मी विचारलं तर म्हणाले, “वळखीची चव न्हाय.” ते प्रश्नचिन्ह दुपारपर्यंत फळ्यावर होतं आणि त्या दिवशी प्रॅक्टिकलला पोरं उगाचच हळू बोलत होती.

कॅन्टीनला दूध घालायला रुक्मिणबाई यायच्या. तुळजापूर रस्त्याला, गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर, टेकडीखाली वस्ती आहे, तिथल्या. एक दिवस त्या पायरीवर बसून पायातली जोडवी राखेनं घासत होत्या. चाचा जाता जाता थांबले.

“काय झालं, बाई?”

“काय की ओ चाचा. चांदीचीच हायती, सोनारानं शपथ घेतली. घासावं तर दोन दिसांत पुन्ना काळीठिक्कर. साऱ्या वस्तीत तसंच झालंय. सुनेचं पैंजण बगा, कोळशावानी.”

चाचा खाली वाकले. दोन्ही जोडवी तळहातावर घेऊन उजेडाकडे धरली. धातूच्या कामात वाढलेला माणूस. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “मॅडम,” ते मला म्हणाले, “चांदी खोटं बोलत न्हाय. वस्तीत गंधक हाय.”

त्या रविवारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. टेकडीच्या मागं नवा पत्र्याचा कारखाना उभा राहिला होता. जुने टायर बंद भट्टीत तापवून त्यातून तेल काढायचा. फाटकावर पाटी नव्हती. आवारात टायरांचे डोंगर, आणि चिमणीतून निघणारा धूर दिवसा तरी फार काळा दिसत नव्हता. डाव्या हाताला क्रशर. उजव्या हाताला, ओढ्याच्या पलीकडे, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, तिथून येणाऱ्या अमोनियानं डोळे चुरचुरत होते. आणि ह्या सगळ्यांच्या मधल्या खोलगटात वस्ती, दोन खोल्यांची शाळा आणि शाळेपुढचं मैदान. चाचा मैदानाच्या मध्यावर उभे राहिले आणि जागच्या जागी हळूहळू एक फेरी फिरले. कोंबड्यांकडे पाहिलं, क्रशरकडे पाहिलं, चिमणीकडे पाहिलं.

“मॅडम, हितं सगळ्या बाटल्या उघड्या हायत,” ते म्हणाले. “थंडीत वारं पडलं का ह्या खोलगटात सगळे येऊन बसनार. बस, येवढंच व्हायचं राहिलंय.”

शाळेच्या सुरवसे गुरुजींना आम्ही भेटलो. चाळिशीचा, उंचापुरा, एके काळी कबड्डी गाजवलेला माणूस. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हसले. “चाचा, वास येतो हे खरं. पण मी चार वर्षं झाली इथं आहे, मला काही झालंय का?” त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. धडधाकट माणसं असंच बोलतात.

डिसेंबरात प्राचार्यांनी चाचांना बोलावलं. प्रकल्पाची मुदत संपली होती, यंत्र बंद करून कुलूप लावायचं. मुदत खरोखरच संपली होती, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्याच महिन्यात टायरच्या कारखानदारानं कॉलेजच्या मैदानाला तारेचं कुंपण घालून दिलं होतं, हेही सगळ्यांना दिसत होतं. चाचांनी यंत्र पुसलं, नळ्या धुऊन ठेवल्या, कुलूप लावलं. किल्ली मात्र परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीतला तो दिवस. सकाळचे सहा वाजले होते, मी डबा भरत होते, आणि चाचांचा फोन आला.

“मॅडम, आज गावात येऊ नका. एसटीतून वस्तीच्या फाट्यावरच उतरा.”

“काय झालं?”

“कालच्या सांजेपासून वारं बंद हाय. म्या निघालोय चालत. तुमी या.”

तुळजापुरात आभाळ लख्ख होतं. निम्म्या रस्त्यापर्यंत तसंच. मग उतार लागला आणि एसटी एकदम पांढऱ्यात शिरली. ड्रायव्हरनं दिवे लावले, खिडक्यांच्या काचा लोकांनी आपण होऊन ओढून घेतल्या. धुकं मी पाहिलेलं होतं. बोरी नदीच्या काठानं, किल्ल्याच्या पाण्यावर थंडीत ते येतं, गार असतं, गालाला बरं वाटतं. हे तसं नव्हतं. फाट्यावर उतरले आणि पहिल्याच श्वासाला घशात कुणी खडबडीत कापड ओढल्यासारखं झालं. जिभेवर पैसा चघळल्यासारखी चव. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. शिट्टी, आणि पोरांची पावलं. डावा-उजवा, डावा-उजवा. सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तालीम चालू होती.

मी पळत मैदानावर पोचले. पोरं रांगेत, काहींच्या अंगात स्वेटर, काहींच्या नाही. अधूनमधून खोकल्याची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. चाचा गुरुजींपुढं उभे होते. आवाज चढलेला नव्हता.

“गुरुजी, लेकरं आत घ्या.”

“चाचा, चार दिवस राहिलेत. साहेब येणार आहेत बघायला. अन् धुक्यानं काय होतंय?”

“हे धुकं न्हाय.”

“मग काय आहे? दाखवा मला.”

दाखवण्यासारखं काही नव्हतंच, सगळीकडे तेच होतं. चाचा म्हणाले, “बरं. तुमी पैलवान गडी. मैदानाला एक चक्कर मारा. पळत. तुमी आलाव का मंग लेकरं पळवा.”

गुरुजी हसले. पोरंही हसली. त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि निघाले, मोठ्या ढेंगा टाकत, आणि त्या पांढऱ्यात दिसेनासे झाले. पावलांचा आवाज लांब गेला, वळला, मग मंदावला. मग थांबला. आम्ही वाट पाहिली. धुक्यातून खोकल्याचा आवाज यायला लागला, आधी सुटा सुटा, नंतर एकसारखा, तुटेना असा. मी आणि चाचा धावलो. गुरुजी गुडघ्यांवर बसले होते, एक हात जमिनीवर, मान ताठ, श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत तसली भीती मी त्याआधी पाहिली नव्हती.

पोरं आता हसत नव्हती. चाचांनी सगळ्यांना वर्गात घेतलं, खिडक्या लावल्या, हंड्यातल्या पाण्यात शाळेची सतरंजी भिजवून दाराला टांगली. पण तालीम अर्धा तास आधीच झालेली होती. चार पोरांची छाती भरली. रुक्मिणबाईंची नात त्यातली, सात वर्षांची. तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मी फाट्यावर जाऊन, दोन्ही हात पसरून, ट्रक थांबवला. त्या ट्रकवाल्याचं नाव मला कधी कळलं नाही. चौघं पोरं आणि गुरुजी त्यातून दवाखान्यात गेले आणि पाचही जण वाचले. नातीला मात्र पुढं कितीतरी महिने जिना चढता येत नसे.

मी दवाखान्यात होते तेवढा वेळ चाचा वस्तीत घरोघर फिरत होते. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होते. तोंडावर ओला रुमाल, तोही अर्धा वेळ बोलण्यासाठी खाली ओढलेला. अकराच्या सुमाराला ऊन वर आलं, वारा सुटला, आणि बघता बघता आभाळ निळंशार झालं. काही झालंच नव्हतं अशी हवा. पत्र्यांवर आणि ज्वारीच्या पानांवर पिठासारखा पांढुरका थर होता, तो वाऱ्यानं दुपारपर्यंत उडून गेला. मला वाटतं, त्या निळ्या आभाळाची मला धुक्यापेक्षा जास्त भीती वाटली. उद्या कुणाला काय दाखवणार?

दुपारी कॉलेजात आलो. चाचा सरळ गच्चीवर गेले आणि चिमट्यात एक कागद धरून खाली आले. आदल्या संध्याकाळी वारं पडलेलं पाहून त्यांनी कुलूप उघडलं होतं, नवा कागद लावून यंत्र चालू केलं होतं.

कागद काळपट, चिकट. त्याचा तुकडा मी पाण्यात भिजवला, गाळला, निळा लिटमस लावला. क्षणात लाल. मग गंधकाचं आम्ल आहे का ते पाहायला बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले. एरवी आमच्या कागदांना ह्या चाचणीत पाणी थोडं गढूळ व्हायचं. त्या दिवशी परीक्षानळीत दही लागल्यासारखा पांढरा साका बसला. चाचा नळीकडे बघत राहिले. त्यांना खोकला येत होता, तो ते दाबत होते.

“लिवा, मॅडम,” ते म्हणाले.

मी अहवाल लिहिला. काय केलं, काय दिसलं, कसला अर्थ निघतो. दोन पानं. सही करायची वेळ आली आणि माझा हात थांबला. कुलूप लावलेलं यंत्र परवानगीशिवाय चालवलं होतं. कारखानदाराची ऊठबस कुणाकडे होती ते मला माहीत होतं. माझी नोकरी जूनमध्ये कायम व्हायची होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

“सही माझी. कुलूप म्या उघडलं, कागद म्या लावला. तुमची नोकरी कच्ची हाय. माझे पाच महिने राहिलेत, काय करनार माझं?”

मी “नको” म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि तेही हळू. त्यांनी सही केली. मराठीत, सावकाश, पूर्ण नाव.

त्यांचं काय करता येतं ते लवकरच कळलं. आधी खुलासा मागवणारं पत्र, मग निलंबन. अहवाल प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीत पोचल्यावर तीन दिवसांनी तपासणीला माणसं आली तेव्हा वारा छान वाहत होता, कारखाना बंद ठेवलेला होता, आणि त्यांच्या यंत्राला काही सापडलं नाही. पण चाचांचा कागद होता. दवाखान्यातून आल्यावर सुरवसे गुरुजींनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. वस्तीतल्या बायका काळी पडलेली चांदी ओट्यात घेऊन जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर ती ओतली. मार्चअखेर कारखान्याचं फाटक बंद झालं. टायर, पत्रे, यंत्रं ट्रकात भरून कुठंतरी गेली. मी पेढे घेऊन चाचांच्या घरी गेले. त्यांनी एक पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

“बंद न्हाय झालं, मॅडम. गेलं. कुठं गेलं ते विचारलं का कुणी?”

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

जूनमध्ये मी कायम झाले. चाचा त्याच महिन्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभ नाही, शाल-नारळ नाही. एका दुपारी आले, कपाटातला स्वतःचा चष्मा आणि डबा घेतला, बाटल्यांवरची नावं एकदा वाचून पाहिली आणि गेले. पुढं ते परंड्याला मुलीकडे राहायला गेले. जावयाचं बांगड्यांचं दुकान, सोनारीच्या यात्रेत जावई दुकानाचं पाल, म्हणजे तंबू, टाकायचे. चाचांना वाटलं होतं तिथं गल्ल्यावर बसू. पण गल्ल्यावर बसायलाही छाती लागते.

दीड वर्षानं मी त्यांना भेटायला गेले. किल्ल्याच्या बाजूच्या बोळात घर. त्यांची मुलगी परवीन दारातच हळू आवाजात म्हणाली, “ताई, जास्त बोलू देऊ नका त्यांना.” चाचा खाटेवर उशांना टेकून बसलेले, नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र. डॉक्टरांचं म्हणणं, फुप्फुसं लहानपणापासूनच भाजलेली होती, त्या सकाळनं उरलेली घालवली. मला पाहून ते खूश झाले. वर्गात कोण कोण आहे विचारलं, गुरुजींचं विचारलं, रुक्मिणबाईंच्या नातीचं विचारलं. ती आता शाळेत पळते म्हटल्यावर डोळे मिटून काही पुटपुटले.

मी किती तरी दिवस मनात घोळवत होते ते बोलले. “चाचा, त्या दिवशी सही मी करायला हवी होती.”

मला वाटलं, ते नेहमीसारखं हसून उडवून लावतील. छोडो मॅडम, म्हणतील. त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

“व्हय,” ते म्हणाले. “करायला पायजे व्हती.”

परवीन आमच्याकडे बघत राहिली. मला तोंड वर करवेना. चाचांनी हात पुढं केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हात हलका होता, गरम होता.

“आता करा,” ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी परवीनचा फोन आला. सकाळी अब्बा गेले, शांतपणे गेले, असं ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, तीनदा परत आला, चौथ्यांदा मंजूर झाला. गच्चीवरचं यंत्र चालू झालं. दर महिन्याला मी अहवाल पाठवते, खाली माझी सही असते. उत्तरं क्वचित येतात. हायवे रुंद झाला, ट्रक वाढले. क्रशर एकाचे तीन झाले. कोंबड्यांच्या शेड ओढ्याच्या अलीकडेही आल्या. आणि मागच्या हिवाळ्यात दक्षिणेकडून, कुठून ते अजून सापडलेलं नाही, एक जळका वास पहाटे उतरायला लागला आहे.

थंडी पडली की सुरवसे गुरुजी मला रोज फोन करतात. मी सांगितलेलं नाही, ते आपण होऊन करतात. पावणेसात वाजता, तालमीआधी. गेल्या सोमवारीही आला.

“मॅडम, मुलं बाहेर काढू का?”

“कागदाचं वजन उद्या कळेल, गुरुजी.”

“उद्याचं उद्या. मुलं आत्ता दारात उभी आहेत.”

मी तुळजापुरात घराच्या गॅलरीत उभी होते. आभाळ स्वच्छ होतं, पार क्षितिजापर्यंत. वारा नव्हता. समोरच्या दोरीवरचं ओढणीचं टोक जराही हलत नव्हतं.

“आत घ्या,” मी म्हणाले.

फोनमधून शिट्टी ऐकू आली, मग पोरांचा नाराज गलका, बाकं सरकल्याचे आवाज, दार लागल्याचा आवाज. मग गुरुजी पुन्हा फोनवर आले.

“किती वेळ ठेवू, मॅडम?”

मी फोन कानाला धरून उभी राहिले. मला माहीत नव्हतं.